सांता क्रूझचे कॅनेडियन पाहुणे

आमच्या लंडनच्या मराठी मंडळात मेक्सिकोला न गेलेला माणूस शोधून काढावा लागेल. लंडन म्हणजे ऑन्टॅरिओतलं. इथंही थेम्स नावाची नदी आहे, राजवाडा तेवढा नाही. नागपूरच्या नातेवाइकांना हा खुलासा आम्ही कुणी विचारलं तरच करतो. तर ही मंडळी दर जानेवारीत मेक्सिकोला जातात, मनगटाला पट्टा बांधून घेतात, सात दिवस रिसॉर्टच्या कुंपणाच्या आत खातात-पितात-पोहतात आणि परत येऊन सांगतात, "काय सुंदर देश आहे गं!" देश पाहिला कुठून, तर विमानतळ ते रिसॉर्ट या बसच्या खिडकीतून. तिलाही काळी काच.

आम्हीही हा पराक्रम दोनदा केलेला आहे, म्हणून फार हसत नाही. यंदा मात्र मी आणि माझे यजमान विलास पट्टा न बांधता गेलो. दक्षिण मेक्सिकोत वाहाका नावाचं राज्य आहे. लिहिताना ओक्साका दिसतं, म्हणायचं वाहाका. तिथल्या डोंगरात सांता क्रूझ दे ला लोमा नावाचं गाव आहे. भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "सांताक्रूझला? मग ताई, नागपूरला पण ये न, तेवढ्यावरच तर आहे." मुलगा टोरंटोजवळ व्हिटबीला असतो. तो म्हणाला, "Mom, is there even a washroom?" पोटच्या पोराला आपली काळजी वाटते ती अशी.

जायचं कारण होतं रामिरो.

लंडनपासून तासाभरावर काचेच्या शेडमधली शेती आहे. मैलच्या मैल टोमॅटो आणि काकड्या. तिथं काम करायला मेक्सिकोतून माणसं येतात. मार्चमध्ये यायचं, नोव्हेंबरमध्ये परत जायचं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांची बस तिथल्या गावातल्या ग्रोसरीच्या दुकानाशी थांबते. पाच-सहा वर्षांमागं त्या दुकानात मी हिरव्या मिरच्या निवडत होते, तेव्हा शेजारी उभा असलेला एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस माझ्या पिशवीत डोकावला आणि दया आल्यासारखा म्हणाला, "नो पिकांते." म्हणजे, बाई, ह्या काही तिखट नाहीत. नागपूरच्या बाईला! विलासनं त्याला तिथल्या तिथं रविवारच्या सावजी मटणाचं आमंत्रण दिलं. सूड म्हणून. तो आला, तीन वेळा रस्सा मागून घेतला, घाम पुसला आणि म्हणाला, "आता ठीक." तेव्हापासून विलास त्याला रामराव म्हणतो आणि तो महिन्यातून एका रविवारी आमच्याकडं जेवतो.

"जानेवारीत माझ्या गावी या," असं तो दर वर्षी म्हणायचा. आपल्याकडं "या एकदा घरी" म्हणतात, त्यातलंच असेल असं आम्ही समजत होतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये त्यानं तारखा विचारल्या, तेव्हा कळलं की तो खरंच बोलावत होता.

वाहाका ते सांता क्रूझ

विमानांचं सांगत नाही. विमानात बसलेल्या माणसाला सांगण्यासारखं काही घडू नये हेच बरं. वाहाका शहर देखणं आहे. रंगीत भिंती, दगडी चर्च आणि चौकाचौकात कॉफी पिणारे आमच्यासारखेच कॅनेडियन, "अजून टुरिस्टांनी बिघडवलं नाही हे शहर" असं एकमेकांना मोठ्यानं सांगणारे. आम्ही तिथं एक दिवस राहून बिघडवायला हातभार लावला आणि दुसऱ्या सकाळी गाड्यांच्या स्टँडवर गेलो. रामिरो घ्यायला आला होता. लंडनमध्ये नेहमी टोपी आणि जॅकेटात पाहिलेला रामिरो इथं इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होता आणि दोन इंच उंच वाटत होता.

तेरा माणसांच्या व्हॅनमध्ये सतरा माणसं, दोन कोंबड्या आणि एक गॅसची शेगडी. रस्ता डोंगराच्या कडेनं वेटोळी घेत चढतो. माती लाल, त्यात जागोजागी निळसर-हिरव्या अणकुचीदार पानांचे घायपात. विलासनं या प्रवासासाठी फोनवरच्या ॲपवर पाच महिने स्पॅनिश शिकून घेतलं होतं. शेजारच्या आजीबाईंशी त्यानं संभाषण सुरू केलं. आजीबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि मग त्याला एक संत्रं दिलं. रामिरोला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब म्हणाले, माझं कासव दूध पितं."

अर्ध्या वाटेवर रामिरो आमच्याकडं वळला. त्याचं इंग्रजी शेतापुरतं आहे, पण गरजेला पुरतं.

"सेन्योरा, एक गोष्ट. माझी बायको, अंपारो. तिला वाटतं मी ट्रॅक्टर चालवतो. माझी वेगळी खोली आहे. आणि हे," त्यानं डावा हात वर केला, "हे ट्रकचं दार लागलं."

त्या हाताच्या दोन बोटांची टोकं नाहीत. ती दोन वर्षांमागं पॅकिंगच्या सरकत्या पट्ट्यात गेली. खोली म्हणाल तर, दाराशी उभं राहून आम्ही पाहिली आहे, आठ जणांना मिळून एक, वर-खाली पलंगांची. आणि ट्रॅक्टरला त्यानं कधी हातही लावलेला नाही.

"नो प्रॉब्लेम, रामराव," विलास म्हणाला. मीही मान हलवली. एका सेकंदात. यात मला अनुभव आहे. कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यात मी मिसिसागाला, विमानतळाशेजारच्या गोदामात खोकी भरायचे. एम.कॉम. झालेली मुलगी टेप लावतेय, हे आईला कसं सांगणार? "एअरपोर्टजवळ काम लागलं," एवढंच सांगितलं. आईनं नागपुरात सगळ्या धरमपेठेत सांगितलं की शुभदा एअरपोर्टवर ऑफिसर आहे. नंतर मला बरी नोकरी लागली, पण ती ऑफिसर मला आईकडून कधी परत घेता आली नाही. आई गेली तेव्हाही तिच्या लेखी टोरंटोची विमानं मला विचारून उडत होती.

गावात

गाव डोंगराच्या सोंडेवर पसरलंय. वर चर्च, खाली चौक, चौकात बास्केटबॉलचं मैदान, आणि छतांवर वाळत घातलेली कणसं, पिवळी, पांढरी, निळी, अगदी काळीसुद्धा. रामिरोच्या फाटकाशी पंधरा-वीस माणसं उभी होती. वर कागदी पताका. आम्ही उतरलो. कुणी पुढं आलं नाही. सगळे आमच्या मागं, रिकाम्या होत चाललेल्या व्हॅनकडं बघत राहिले. शेवटी कोंबड्याही उतरल्या, तेव्हा एका म्हाताऱ्यानं रामिरोला काहीतरी विचारलं. रामिरोची सतरा वर्षांची मुलगी मारिसोल हसू दाबत इंग्रजीत म्हणाली, "ते विचारतात, कॅनेडियन कुठं आहेत?"

आम्हीच ते, हे कळल्यावर जी निराशा पसरली ती मी विसरणार नाही. गोरं, उंच, निळ्या डोळ्यांचं काहीतरी त्यांनी अपेक्षिलं होतं आणि आला कोण, तर त्यांच्याच आत्याबाईंसारखी दिसणारी मी. वीस वर्षं कॅनडात "मूळच्या कुठल्या?" हे ऐकून कान किटले होते, इथं येऊन तोच प्रश्न उलट्या बाजूनं. मात्र मग एकेकानं पुढं येऊन हात हातात घेतला. इथली रीत अशी की जमलेल्या प्रत्येकाला वेगळा नमस्कार करायचा, लहान मुलांनाही. आमच्या मंडळात गणपतीला लोक सगळ्यांना मिळून एकदा "हाय एव्हरीवन" म्हणतात आणि जेवणाच्या रांगेत लागतात.

घरात पाच खोल्या. एकेक खोली कॅनडाच्या एकेका पिकावर उभी राहिलेली. रामिरो हौसेनं दाखवत होता, "ही टोमॅटो. ही काकडी. ही टोमॅटो, पण दुसरा मालक." आम्हाला सिमला मिरचीची खोली मिळाली. सगळ्यात नवी, गुलाबी रंगाची. चौदा वर्षं बांधलेल्या ह्या घरात तो दर वर्षी साडेतीन-चार महिने राहतो.

अंपारो चाळिशीची, दोन वेण्या घातलेली, कमी बोलणारी बाई. तिनं ताटं मांडली. बाकीच्यांच्या ताटात काळपट लाल मोले, म्हणजे वाटलेल्या मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, त्यात कोंबडी. वास असा की मला नागपूरची आमची गल्ली आठवली. आमच्या दोघांच्या ताटात पांढरा भात, उकडलेली कोंबडी आणि उकडलेलं गाजर.

"हे काय?" विलास म्हणाला.

मारिसोलनं समजावलं, "तुम्ही कॅनडाहून आलात ना. कॅनडातली माणसं तिखट खात नाहीत."

विलासच्या आयुष्यात त्याचे बरेच अपमान झालेत, त्यांतले काही मीच केलेत. पण चेहऱ्यावर असा वार झालेला मी पाहिला नव्हता. "शुभदा, हिला सांग बाप्पा! आपण कोण आहोत ते सांग!" शेवटी रामिरोनं साक्ष दिली आणि मोले आलं. सोबत एक हिरवी चटणी आली. विलासनं ती चमच्यानं खाल्ली. मग बराच वेळ तो डोंगराकडं बघत बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ठीक आहे," एवढंच म्हणाला. वाटीतला कुरकुरीत पदार्थही त्यानं सुकट समजून मूठभर खाल्ला. ते नाकतोडे होते हे मी त्याला दोन दिवसांनी सांगितलं. संसारात वेळ साधता आली पाहिजे.

आणि थंडी! उणे पंचवीसमध्ये गाडीतून ऑफिसात आणि ऑफिसातून गाडीत पळणारे आम्ही शूर लोक, इथल्या आठ अंशांत तीन घोंगड्यांखाली कुडकुडत होतो. इथं घराला हीटिंग नसतं. बाहेर जेवढी थंडी, तेवढीच आत, कुठला भेदभाव नाही. सकाळी मारिसोल स्वेटर घालून शाळेला निघाली, आणि मी टोपी, मफलर, हातमोजे अशी चुलीपाशी. तिनं विचारलं, "कॅनडात खूप थंडी असते ना?"

मी म्हटलं, "असते. पण आम्हाला भेटत नाही."

गुरुवार

अंपारोच्या स्वयंपाकघरात पाटा आहे. तीन पायांचा, काळ्या दगडाचा, उतरता. चुन्याच्या पाण्यात भिजवलेला मका ती त्यावर गुडघ्यांवर बसून वाटते. पाटा पाहून मला माहेर भेटल्यासारखं झालं. "मला येतं हे," असं मी खुणांनी सांगितलं आणि बसले. पाच मिनिटांत ओंजळभर मका खाली सांडला आणि माझा खांदा धरला. नागपूरच्या पाट्यावर आता माझी वहिनी कुंडी ठेवते, हे सांगण्याइतकं स्पॅनिश मला येत नव्हतं हे बरंच झालं.

भाषा नसताना दोन बायका बरंच बोलू शकतात. तिनं तोर्तिया थापून दाखवली, मी भाकरी. तिची पातळ, गोल, मातीच्या तव्यावर टम्म फुगणारी. माझी ऑस्ट्रेलियाच्या नकाशासारखी. तिनं माझी भाकरी कुत्र्याला दिली नाही, स्वतः खाल्ली. तेव्हाच मला ती आवडली.

शुक्रवार

दुपारचे बारा वाजले असतील. शाळा लवकर सुटून मारिसोल आली होती आणि लसूण सोलत होती. रामिरो दाराच्या उंबऱ्यावर कणसांचे दाणे काढत होता. विलास अंगणात उन्हाला बसून फोनवरच्या कासवाशी बोलत होता. अंपारोनं हात पुसले, आत गेली आणि प्लॅस्टिकची एक फाइल घेऊन आली. त्यात भरलेला फॉर्म होता, कोपऱ्यात मारिसोलचा फोटो.

ती बोलली, आणि मारिसोलनं मान खाली ठेवूनच इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, पुढच्या महिन्यात मी अठराची होते. बाबांच्या कामाचा माझा फॉर्म भरलाय. सोमवारी शहरात जाऊन द्यायचा."

मी रामिरोकडं पाहिलं. त्याचे हात थांबले होते.

"आई विचारते, बाबांच्या खोलीत माझी खाट मावेल ना? तुम्ही पाहिली आहे ती खोली."

आता मला सगळं समजलं. नवऱ्याला वेगळी खोली, ट्रॅक्टर, बरं जेवण, प्रेमळ मालक. अशा ठिकाणी मुलगी गेली तर वाईट काय? वर बाप सोबतीला. चौदा वर्षं रामिरोनं बायकोच्या जिवाला घोर नको म्हणून एकेक वीट रचली होती, आणि आता ती भिंत त्याच्याच मुलीच्या वाटेवर उभी होती. "नको पाठवू" म्हणायचं तर कारण सांगावं लागणार.

"खोली... बरी आहे," मी म्हटलं. जुनी सवय.

मारिसोलनं भाषांतर केलं नाही. तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. हळू आवाजात म्हणाली, "सेन्योरा, खरं सांगा. मला माहीत आहे. गावातल्या एकाच्या फोनवर मी फोटो पाहिलेत. मला मास्तरीण व्हायचंय. पण मी सांगितलं तर आई म्हणेल, हिला कामाला जायचं नाही म्हणून हिनं बापाला खोटं पाडलं. तुम्ही सांगा."

अंगणातून विलास मराठीत म्हणाला, "शुभदा, तू मधे पडू नको हां. त्यांच्या घरचा मामला आहे." कासवाशी बोलता बोलता त्याचं सगळं लक्ष इकडंच होतं.

तो चुकीचं बोलत नव्हता. माझ्या त्या पहिल्या हिवाळ्यात कुणी धरमपेठेत जाऊन आईला सांगितलं असतं की तुमची ऑफिसर खोकी भरते, तर मी त्या माणसाचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. रामिरोनं मला घरी बोलावलं होतं, आपली सगळ्यात नवी खोली दिली होती, आणि एकच गोष्ट मागितली होती. मी हो म्हटलं होतं. आणि समोर त्याची बायको विचारत होती, मुलीची खाट मावेल का.

मी छोटी छोटी वाक्यं बोलत गेले. खोलीत आठ माणसं आहेत. पलंग वर-खाली आहेत. एक शेगडी. ट्रॅक्टर नाही. रामिरो चांगलं काम करतो, तिथं सगळे त्याला मानतात. पण मे महिन्यात काचेखाली इतकं गरम होतं की माणसं भोवळ येऊन पडतात. मारिसोल एकेक वाक्य हवामानाची बातमी दिल्यासारखं आईला सांगत होती. मग मी म्हटलं, "ट्रकचं दार नव्हतं. पट्ट्यात हात गेला." इथं तिचा आवाज अडखळला. हे तिला माहीत नव्हतं. ती बापाकडं बघत राहिली, आणि मग तेही वाक्य तिनं पुरं केलं.

रामिरो उठला. टोपली खाली ठेवली, टोपी घातली आणि फाटकातून निघून गेला. फाटक आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तव्यावरची तोर्तिया जळत होती. अंपारोनं ती नुसत्या बोटांनी उचलून बाजूला ठेवली. दुसरी टाकली. मग तिनं काही विचारलं.

"आई विचारते, तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "आम्हाला चार दिवसांनी कळलं. मग आम्ही गेलो."

"जेवले होते का?"

"मी वरण-भात घेऊन गेले होते. जेवला."

तिनं मान हलवली. तव्यावरची गरम तोर्तिया काढली, मीठ भुरभुरलं, गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. फाइल उचलून आत नेली. पुढं काय, ते तिनं सांगितलं नाही, आणि मारिसोलही पुन्हा लसूण सोलू लागली. मी तोर्तिया खाल्ली. न खाणं शक्य नव्हतं.

रविवार

शनिवारी रामिरो आमच्याशी बोलला नाही. सकाळी "गुड मॉर्निंग" म्हणाला, तेही भिंतीला. विलासनं मला दिवसभरात सहा वेळा सांगितलं की त्यानं मला आधीच सांगितलं होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की माणसाला हे वाक्य पाठ करायला ॲप लागत नाही. मी बॅगा भरून ठेवल्या. मंगळवारची व्हॅन सोमवारी मिळते का, याची चौकशी विलासनं केली. उत्तर काय मिळालं ते त्याला कळलं नाही.

रविवारी सकाळी दार वाजलं. रामिरो उभा होता, हातात दोन फावडी. "साहेब, चला. तेकियो."

तेकियो म्हणजे गावकीचं काम. घरटी एक माणूस यायचा, पगार नाही, सबब चालत नाही. आपल्याकडं याला श्रमदान म्हणतात आणि त्याचा फोटो काढून झाला की घरी जातात. इथं कुणी फोटो काढत नव्हतं. पाण्याच्या पाटात दरड कोसळली होती, ती उपसायची होती. पाहुणा म्हणून विलासला झाडाखाली बसवतील अशी माझी कल्पना, पण त्याला रांगेत उभा केला. आणि काय सांगू! वीस वर्षं ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून कमावलेली विद्या कामाला आली. कमरेत न वाकता, गुडघ्यांतून, एका लयीत माती मागं फेकत हा गडी दोन तास चालला. म्हातारे थांबून बघू लागले. ज्यानं फाटकाशी "कॅनेडियन कुठं आहेत" विचारलं होतं, तोच बोट दाखवून म्हणाला, "कानादिएन्से!" नागरिकत्वाच्या शपथविधीला विलास इतका खूश दिसला नव्हता.

मी पाणी घेऊन गेले तेव्हा दोघं पाटाच्या काठावर बसले होते. मला पाहून रामिरो विलासला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "साहेब, तुमची बायको माझ्या बायकोची मैत्रीण झाली. माझी नाही."

"माझीही नाही फारशी," विलास म्हणाला.

रामिरो हसला. दोन दिवसांनी. मग डाव्या हाताकडं बघत म्हणाला, "चौदा वर्षं मी विचार करतो, कसं सांगू. तुम्ही दहा मिनिटांत सांगितलं. परवा तिनं हा हात मांडीवर घेतला. म्हणाली, पहिल्यापासून सांग. मी सांगितलं. म्हणाली, पुन्हा सांग."

"मला तुम्ही एकच गोष्ट मागितली होती," मी म्हटलं. "ती मी पाळली नाही."

"नाही पाळली," तो म्हणाला. त्यात गोडवा नव्हता आणि कडवटपणाही नव्हता. बाटलीतलं पाणी प्यायला आणि पुन्हा फावडं उचललं.

मंगळवारी निघालो. अंपारोनं कापडात बांधून मोलेचा गोळा, वाळवलेल्या काळ्या मिरच्या आणि भाजलेल्या भोपळ्याच्या बिया दिल्या. मी तिला माझी पैठणीच्या काठाची पर्स दिली. तिनं त्यात तिथल्या तिथं लसूण ठेवला. फॉर्मचं काय झालं हे विचारायचा मला धीर होत नव्हता. मारिसोलनं व्हॅनच्या खिडकीशी येऊन आपणहून सांगितलं, "आईनं फॉर्म उलटा केला आणि मागं बाजाराची यादी लिहिली. शिक्षकांच्या कॉलेजची परीक्षा उन्हाळ्यात आहे. बाबा मार्चमध्ये एकटेच येतील."

टोरंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं मोलेचा गोळा हातात घेऊन विचारलं, हे काय आहे? विलासनं वीस मिनिटं समजावून सांगितलं. गोळा सुटला. मला वाटतं तो अधिकारी जेवायला जायचा होता.

मे महिना

रामिरो मार्चमध्ये आला. मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही डबा घेऊन त्याच्याकडं गेलो. या वेळी त्यानं आम्हाला दाराशी थांबवलं नाही, आत नेलं. आठ माणसं पलंगांवर, खुर्च्यांवर. खोलीभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, दाराशी चिखलाचे आठ जोड बूट, शेगडीवर बीन्स. रामिरोनं फोन लावला. अंपारो दिसली, मागं तिची चूल. इतकी वर्षं तो बाहेर झाडाखाली उभा राहून तिच्याशी बोलायचा, म्हणजे मागं नुसतं आभाळ दिसे. आज त्यानं तिच्याशी दोन शब्द बोलून फोन उलटा केला आणि सावकाश खोलीभर फिरवला. पलंग, दोऱ्या, बूट. एकानं घाईघाईनं शर्ट घातला. दुसऱ्यानं उगाच नमस्कार केला. सगळे शाळेत साहेब आल्यासारखे उठून उभे राहिले.

मला वाटलं, आता ती रडणार.

मग अंपारोनं एकच प्रश्न विचारला. माझं स्पॅनिश आता तेवढं झालंय, मला कळला. तिथं झाडतं कोण?

आठ जणांनी एकमेकांकडं पाहिलं. रामिरोनं झाडू शोधला. शेगडीमागं पाहिलं, दारामागं पाहिलं. त्या घरात झाडू नव्हताच. शेवटी विलास गाडीतून बर्फ झाडायचा लांब दांड्याचा ब्रश घेऊन आला. मे महिन्यातही तो डिकीतच होता. रामिरोनं फोन माझ्या हातात दिला, बाह्या वर केल्या आणि झाडायला लागला.

"पलंगाखाली," अंपारो म्हणाली. मी फोन खाली धरला. आठही माणसं पाय वर घेऊन बसली, आणि रामिरो ब्रश घेऊन पलंगाखाली शिरला.